थंड खोलीतले वाघरू

४ ऑक्टोबर १९७७, मंगळवार

आज माझ्यामुळे कंपनीत बारा माणसांचे काम वीस मिनिटे थांबले. अकरा वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते, म्हणून लिहून ठेवतो.

दक्षिणेच्या कोपऱ्यात नव्या शेडचा पाया खणायचे काम चालू आहे. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी तिकडे फेरी मारायला गेलो. हल्ली एका जागी बसवतच नाही. पाहतो तर दगडांच्या ढिगाभोवती सगळे फावडी उगारून उभे, आणि मध्ये करंगळीएवढे एक पिल्लू. पालीचेच, पण भिंतीवरच्या पालीसारखे फिकट नाही. अंगावर काळे-पिवळे पट्टे, शेपटीवर काळे-पांढरे, आणि शेपूट चांगली गुबगुबीत.

मुकादम म्हणाला, "साहेब, मागं व्हा. लई इषारी जात हाय. नुसती फुंकर मारली तरी मानूस जाग्यावं खल्लास."

मी म्हटले, "फुंकर मारताना तू पाहिलंस का?"

"बघनारा सांगाया ऱ्हातोय व्हय?"

तेवढ्यात पिल्लाने डोळे मिटले आणि उघडले. घरातली पाल डोळे मिटत नाही, तिला पापण्याच नसतात. याला पापण्या होत्या आणि माझ्याकडे बघत ते त्या मिटत होते. मी जेवणाचा रिकामा डबा त्याच्यावर पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि सरळ माझ्या खोलीत घेऊन आलो. मागे सगळे हसले असतील. हसू देत.

तो दगडांचा ढीग म्हणजे आमच्या वावराचा बांध. कंपनीच्या नकाशावर त्याचे नाव 'प्लॉट सी, दक्षिण' असे आहे. मीही तेच म्हणतो.

५ ऑक्टोबर

कंपनीच्या लायब्ररीत एक जाडजूड प्राणिकोश आहे. धूळ झटकून काढला. त्यात चित्रासकट सापडले. हिला बिबट्या पाल म्हणतात. विष अजिबात नाही. मोठेपणी पट्टे मोडून ठिपके होतात. बोटांना भिंतीला चिकटणारे तळवे नाहीत, म्हणून ही जमिनीवरच राहते. दगडांच्या फटीत. चित्र मुकादमाला नेऊन दाखवले. तो म्हणाला, "छापनाऱ्याचं काय जातंय?"

लांबी ८१.४ मिलिमीटर (व्हर्निअरने, तीन वेळा). वजन २.८ ग्रॅम (केमिस्टच्या तराजूवर, तो चहाला गेला असताना).

स्लिप गेजची, म्हणजे मापाच्या पोलादी ठोकळ्यांची, एक रिकामी लाकडी पेटी होती, आत मखमलीचे अस्तर असलेली, त्यात ठेवले. झाकणाला भोके पाडली. जागेचा प्रश्नच नव्हता. साऱ्या कारखान्यात माझ्या खोलीसारखी दुसरी जागा नाही. धूळ नाही, आवाज नाही, हादरा नाही. उन्हाळा असो की हिवाळा, तापमान वीस अंश, अर्धा इकडे नाही की तिकडे नाही. कारखान्यातली सगळी मापे शेवटी इथल्या मापांशी ताडून बघतात, म्हणून कंपनीने एवढी बडदास्त ठेवली आहे. मॅनेजरसाहेबांच्या केबिनलासुद्धा नुसता पंखा आहे. कामगार हिला 'थंड खोली' म्हणतात आणि काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभे राहतात.

पिल्लाच्या नशिबी हे असे. कुठे तो उकिरड्यासारखा बांध आणि कुठे ही मखमल!

७ ऑक्टोबर

खात नाही. मुंग्या दिल्या, माशी दिली. बघतसुद्धा नाही. नवीन जागा आहे, रुळेल.

घरीही तोच पाढा. आईने आज अर्धी भाकरी खाल्ली, तीही बायकोने, शालनने, दूध घालून कुस्करून पुढे ठेवली तेव्हा. नव्या घरात येऊन महिना झाला. गावातले घर रस्त्यात गेले. ते जाणारच होते, नोटीस केव्हाची आली होती. मी धावपळ करून चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर ही जागा मिळवली. नळ घरात, संडास घरात, डोक्यावर पंखा. आई पंख्याखाली कॉटवर बसते आणि भिंतीकडे बघते. जिना उतरायला भिते म्हणून मीच सांगितले आहे, खाली जाऊच नकोस, सगळे हाताशी आहे. जन्मभर ढेकळे तुडवली, आता बस की सुखाने. तर जेवण कमी, बोलणे बंद.

काल पिंपरीला दवाखान्यात नेऊन आणले. वजन अडतीस किलो. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण अशाच राहिल्या तर दिवाळी बघतील असे मी सांगत नाही. शालनला हे सांगितलेले नाही.

८ ऑक्टोबर

शौकत आमच्या खोलीचे एअरकंडिशनिंगचे मशीन सांभाळतो. मशीनखाली ओल असते, तिथे रातकिडे सापडतात. त्याने काड्यापेटीत भरून चार आणून दिले. पेटीचे झाकण मात्र मलाच उघडायला लावले आणि स्वतः दाराबाहेर उभा राहिला.

"साहेब, आमच्यात याला बिसखोपरा म्हणतात. तुमचं पुस्तक सांगतंय ते बरोबर असेल, पण माझी चार पोरं हायेत."

मी रातकिडा त्याच्या तोंडापुढे धरला. पिल्लाने मान हलवली, अगदी हळू, आणि परत मिटून घेतले. शौकत लांबूनच म्हणाला, "ठंडीनं आखडलंय साहेब. मी पण या खोलीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही, गुडघे धरतात."

मशीन दुरुस्त करणाऱ्याने मशीनला नावे ठेवावीत, कमाल आहे! मी म्हटले, शौकतभाई, इथे पोलाद जागच्या जागी राहते, मिलिमीटरचा हजारावा भाग हलत नाही. तो म्हणाला, "पोलादच राहणार."

१० ऑक्टोबर

वजन २.६.

आई: चतकोर भाकरी, चहा.

दोघांच्या नोंदी एकाच पानावर आल्या. वेगळी वही करायला हवी.

१२ ऑक्टोबर

उद्या घट बसायचे. आज संध्याकाळी आई महिन्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "ज्ञाना, घटाला माती आन. आपल्या वावरातली."

मी म्हटले, "आई, वावर आता कंपनीत आहे."

"तू बी कंपनीतच हाईस की."

हे तिला कसे समजवायचे? गेटातून बाहेर पडताना रोज झडती होते. खिळा न्यायचा तरी लेखी पास लागतो. मातीचा पास कोण देणार, आणि मागायचा कोणत्या तोंडाने? अकरा वर्षांत मी एक बोल्ट बाहेर नेलेला नाही. आमची तीन एकर गेली म्हणून मला नोकरीत घेतले, तेव्हाच ठरवले होते की कुणी बोट दाखवेल असे काही करायचे नाही. तेव्हा आईला अंगठा उठवायला मीच राजी केले होते. अण्णा, माझे वडील, वारून वर्ष झाले होते. नोकरी चालून आली होती, वावर काय, पाऊस पडला तर पिकणार.

नर्सरीतून लाल मातीची पिशवी आणली. चांगली चाळलेली, खत घातलेली. आईने पिशवीत हात घातला, वास घेतला आणि हात पदराला पुसला. उद्या टाक मांडून याच मातीत घट बसेल. खंडोबाचा, भवानीचा आणि अण्णांचा, असे तीन चांदीचे टाक आहेत आमच्याकडे. गावच्या घरातून निघताना आईने दुसरे काही हातात घेतले नव्हते, तेवढे मात्र कंबरेला बांधून आणले होते.

१४ ऑक्टोबर

आईचे नऊ दिवसांचे उपास सुरू. त्यामुळे आता जेवणाची नोंद करण्यात अर्थ नाही. एका परीने बरे झाले, उपासाला कुणी जेवत नाही म्हणून काळजी करत नाही. शालन म्हणाली, "तुमचं आपलं बरं आहे." काय बरे आहे ते विचारले, तर भांडी घासायला गेली.

पिल्लू पांढुरके दिसू लागले आहे. अंगावर कसलातरी साका आल्यासारखा. वजन २.५. मला दुपारभर काही सुचले नाही. एक मायक्रोमीटर दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा लिहिला.

१५ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला हात उचलत नाही.

सकाळी पेटी उघडली तर पिल्लू पूर्ण पांढरे, राख फासल्यासारखे. मला वाटले बुरशी. आमच्याकडे मापांना गंज चढू नये म्हणून व्हॅसलिन लावतात आणि वापरायच्या आधी मऊ कातड्याने पुसून घेतात. अकरा वर्षे हे हात तेच करत आले आहेत. मी बोटावर जरासे व्हॅसलिन घेतले आणि त्याच्या पाठीवर लावून कातड्याने पुसू लागलो. ते सुटू पाहत होते म्हणून दुसऱ्या हाताने शेपूट धरली. एवढ्याशा जिवाने अशी किंकाळी फोडली की मी दचकून चिमूट आवळली. आणि शेपूट माझ्या चिमटीत राहिली.

नुसती राहिली नाही, वळवळत राहिली. टेबलावर पडून चांगली दोन-तीन मिनिटे उड्या मारत होती. पिल्लू कोपऱ्यात बुंधा घेऊन बसले. मी खुर्चीत बसलो आणि माझे मला कळेना की कुणाला धरावे.

शौकत आला, बघितले, आणि पहिल्यांदाच दाराच्या आत आला. म्हणाला, "साहेब, कात टाकत होतं ते. सापासारखी. तुम्ही आजारी समजलात काय?"

प्राणिकोश परत काढला. त्यात लिहिले आहे. दुसऱ्या पानावर लिहिले आहे, मी पहिलेच पान वाचले होते. कात टाकताना अंग पांढरे पडते. आणि चरबीचा सगळा साठा शेपटीत असतो, अन्न मिळाले नाही तर त्याच्यावर महिनाभर निघतो. म्हणजे शिदोरीच माझ्या हातून गेली. आता खाल्ले नाही तर आठ दिवस काढणार नाही.

उद्या रविवार, खोलीला कुलूप. तसेच सोडवेना. जेवणाच्या डब्यात ओला कागद घालून त्यात ठेवले आणि डबा पिशवीत घातला. गेटवर वॉचमनने डबा हलवला, म्हणाला, "आज जेवला न्हाईत का साहेब?" मी मान हलवली. पण पाल ही काही कंपनीची मालमत्ता नव्हे. कुठल्याही यादीत तिचा नंबर नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असे शालन म्हणणार याची तयारी ठेवून डबा ओट्याखाली लपवला होता. सकाळी आई पाणी घ्यायला उठली आणि तिने नेमका तोच उघडला.

"अगं बया! ज्ञाना! उठ, उठ, केरसुनी आन!"

महिनाभर कॉटला धरून उठणारी बाई केरसुणी घेऊन उभी होती, पदर खोचून. मी मध्ये पडलो, विषारी नाही म्हणून सांगितले, पुस्तकाचे सांगितले. तिने पुस्तक झिडकारले. पण डब्यात वाकून बघितले आणि केरसुणी खाली गेली.

"शेपूट कुनी तोडली याची?"

मी सांगितले.

"कुठलं हाय?"

"बांधावरचं. आपल्या."

ती आणखी खाली वाकली. "वाघरू हाय हे. बांधाला असायची. मी लांबनंच जायची, तुझा बा म्हनायचा, त्येला त्येचं करू दे, आपून आपलं करू." मग तिने ओल्या कागदाने गार पडलेल्या डब्याच्या तळाला बाहेरून हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. "आरं, गार लागतंय की हे! इतकं दिस कुठं ठिवलं व्हतंस?"

मी खोलीचे सांगितले. वीस अंश, धूळ नाही, हादरा नाही. ती ऐकत होती. हसली नाही. "धोंड्यात ऱ्हानारं जनावर ते. दिसभर धोंडा तापतो, त्येच्यावर पोट टेकून त्ये अन्न जिरवतं. तू त्येला देवघरात नेऊन बसवलंस."

आमचा पाटा-वरवंटा गावाहून आणला, पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाजाची तक्रार केली म्हणून गॅलरीत उभा करून ठेवला होता. आईने मला तो आडवा करायला लावला. दुपारभर उन्हात तापू दिला, ऊन कलल्यावर सावलीत ओढला, त्यावर परडी पालथी घातली. एका बाजूला ओले फडके. "खाली ओल, वर ऊब. बांधाला तसंच असतंय." मग मी पिल्लू आत सोडले. हात तिने लावला नाही, पण तिथून हललीही नाही.

दिवेलागणीला ते परडीतून तोंड बाहेर काढून बसले होते. अंगावरची पांढरी कात त्याने ओल्या फडक्यावर घासून काढली आणि चक्क खाऊन टाकली. खालून काळा-पिवळा रंग असा लख्ख निघाला! आईने स्वयंपाकघरातून एक झुरळ धरून आणले (ते मात्र हाताने) आणि पुढे सोडले. पिल्लू थबकले, शेपटीचा बुंधा हलवला आणि झडप घातली.

मी ओरडलो. आई म्हणाली, "वरडू नगंस, जेवतंय त्ये."

१८ ऑक्टोबर

दोन झुरळे, एक रातकिडा (शौकतकडून, काड्यापेटीतून). वजन करायचे ठरवले होते, आईने हात लावू दिला नाही.

आई दिवसभर गॅलरीत बसते. शालन सांगत होती की ती पिल्लाशी बोलते. काय बोलते ते विचारले. "कुठल्या बांधाला कुणाची बोर होती, कुणाच्या विहिरीला पाणी होतं, असलं काहीतरी." मला तिने यातले कधी सांगितले नाही. मी विचारले नसेल.

घटातले कोंब वर आले आहेत पण पिवळे आणि लांबट, माना टाकलेले. खत जास्त झाले असावे.

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज कंपनीत यंत्रपूजा. वर्षातून हा एकच दिवस घरच्यांना आत येता येते. आई येते म्हणाली. दोन जिने उतरली, वाटेत एकदाच टेकली. गेटवर गुलाबी पास करून दिला. नाव गोजाबाई, नाते आई, येण्याचे कारण यंत्रपूजा. अंगठा उठवला.

माझ्या खोलीत सगळ्या मापांना झेंडूची फुले वाहिली होती. मी हौसेने तिला एकेक दाखवत होतो. तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढला. "रोज हितंच बसतोस व्हय रं? दिसभर?" मी हो म्हणालो. तिने माझ्या हाताला हात लावून बघितला, रविवारी डब्याला लावला होता तसा. मग म्हणाली, चल.

कुठे जायचे ते मी सांगितले नाही, तिला सांगावे लागले नाही. एवढ्या शेड, एवढे डांबरी रस्ते, मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा चुकलो होतो. ती सरळ चालत गेली. पेंट शॉपपाशी म्हणाली, "हितं खळं व्हतं." सायकल स्टँडपाशी, "चिच." शौकत आमच्याबरोबर होता. मला थोडे अवघडल्यासारखे झाले, सगळे बघत होते. शौकतने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या. का ते मी विचारले नाही.

दक्षिणेच्या कोपऱ्यात काम बंद होते. डोझरला झेंडूची माळ घातली होती आणि पुढच्या पात्यावर हळदकुंकू. बांध निम्मा उपसला होता. मुकादम म्हणाला, सोमवारी उरलेला जातो, मग काँक्रीट. आई डोझरकडे बघून म्हणाली, "याची बी पूजा केलीसा? करा, त्येनं बी राबायचंच हाय." आणि उपसलेल्या ढिगावर खाली बसली. अर्धा तास तरी बसली असेल. मी घड्याळ बघत होतो, पण उठ म्हणवेना.

उठताना तिच्या पदरात काहीतरी होते. गेटजवळ आल्यावर मला कळले. माती. दोन ओंजळी असेल. पुढे रांग होती, वॉचमन बायकांच्या पिशव्या बघत होता. मॅनेजरसाहेब सहकुटुंब मागेच उभे होते. मी हळूच म्हणालो, "आई, ते टाक इथेच."

तिने माझ्याकडे बघितले.

"नियम आहे. कंपनीची वस्तू बाहेर नेता येत नाही."

तिने पदर सोडला आणि झटकला. रस्त्यावर काळी माती पडली. एक झाडूवाला लगेच पुढे आला आणि त्याने ती गोळा केली, आज सगळीकडे स्वच्छता ठेवायची होती म्हणून.

वॉचमनने आमची पिशवी बघितलीही नाही. "चला आजी," एवढेच म्हणाला.

नियम म्हणजे नियम, असे मी मघापासून चार वेळा स्वतःला सांगितले. मी काही चुकीचे केले नाही. पण मग पिल्लू डब्यातून नेले ते काय होते? ते यादीत नव्हते. माती तरी कुठल्या यादीत होती?

मला माझीच लाज वाटते आहे. शालनला यातले काही सांगितले नाही, पण तिला आईने सांगितले असावे. ताट तिने माझ्याकडे न बघता पुढे सरकवले.

२२ ऑक्टोबर, दसरा

पुरणपोळी. आईने तुकडा मोडून बाजूला ठेवला. सोने दिले तेव्हा पाठीवरून हात फिरवला. तिच्या मनात काही नाही असे दिसते.

संध्याकाळी म्हणाली, "वाघराला ह्या गॅलरीत ठिवून भागायचं न्हाई. त्येला बांध पायजे. अर्जुनाकडं सोडू." अर्जुनराव माझे मामा. राजगुरुनगरच्या, म्हणजे खेडच्या, अलीकडे त्यांची कांद्याची शेती आहे, दगडी बांध आहेत. मला पटले. आईही म्हणाली, चार दिवस राहीन म्हणते. हवापालट होईल. आठ दिवस राहा म्हटले, पुढच्या रविवारी न्यायला येतो.

२३ ऑक्टोबर, रविवार

आईला मामांकडे पोचवून आलो. एसटीत डबा तिच्या मांडीवर होता. चाकणला गाडीत एक बाई शेजारी बसली, म्हणाली, काय न्हेताय आजी? "लेकरू," आई म्हणाली.

मामांनी डबा बघून दोन पावले मागे घेतली. "अक्के, ह्ये आनि कशाला? आमच्याकडं काय कमी हायती?"

"एक वाढलं तर काय बिघडतंय? आपून न्हाई का, दोन मानसं वाढली तर पीठ मळतो?"

विहिरीच्या वरच्या अंगाला जुना बांध आहे, दिवसभर उन्हात. तिथे मी डबा आडवा केला. पिल्लू बाहेर आले, धोंड्यावर पोट टेकून बसले. दोनदा डोळे मिटले. तुटलेल्या जागी नव्या शेपटीचा बारीकसा कोंब दिसत होता. मग फटीत गेले. मी वाट बघत उभा राहिलो, पण ते परत आले नाही. ते कशाला येईल?

मागे वळून पाहिले तर आई मामींच्या चुलीपुढे बसून जेवत होती. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. दीड भाकरी. मी मोजली. दीड. मामींनी अजून अर्धी घातली तेव्हा ती नको म्हणाली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. धूर फार होता.

निघताना म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. आई म्हणाली, "ये की. जेवायलाच ये."

घरी आलो. दिवा लावायला देव्हारा उघडला तर टाक नाहीत. तिन्ही नाहीत. मी शालनला हाक मारली, म्हटले, आई चुकून गाठोड्यात बांधून घेऊन गेली बघ. शालन पदराने हात पुसत दारात उभी राहिली. म्हणाली, "चुकून? काल सकाळी घट उठवल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर ताकाने घासले, पुसले आणि कंबरेला बांधले. तुम्ही इथेच बसला होतात. वही लिहीत."

२४ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर खोलीत थंडी वाजत होती. शौकतला बोलावले, म्हटले, मशीन बिघडलेय, तापमान उतरलेय. त्याने काटा बघितला, टिचकी मारून बघितला. "वीसच आहे साहेब. अकरा साल वीसच आहे." मग स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खुर्चीवर टाकून गेला.

बाहेर डोझरचा आवाज चालू होता. इतर दिवशी या खोलीत तो ऐकू येत नाही.

शिफ्ट सुटल्यावर दक्षिणेच्या कोपऱ्यात गेलो. बांध नव्हता. सळया बांधून झाल्या होत्या, उद्या काँक्रीट. कडेला थोडा काळा पट्टा उरला होता, तिथे खाली बसलो आणि हाताने माती उकरून डब्यात भरली. दोन ओंजळी मावल्या. नखांत माती गेली. मुकादम लांबून बघत होता.

गेटवर वॉचमनने नेमका आज डबा उघडायला लावला.

"साहेब, ह्ये काय? माती?"

मागे मोठी रांग होती.

"माझ्या आईची आहे," मी म्हणालो. "शुक्रवारी इथे राहिली होती."

त्याने डब्यात बघितले, माझ्या नखांकडे बघितले आणि झाकण लावून डबा हातात दिला. त्याची नोकरी जाऊ शकली असती. माझीही. मला चालताना पाय हलके वाटत होते, हे लिहायला हरकत नाही.

डबा आता समोर टेबलावर आहे. वजन केलेले नाही. यंदाचे घट उठले आहेत, त्यामुळे या मातीचा तसा उपयोग नाही. पुढच्या वर्षी ती ज्या घरात टाक मांडेल तिथे लागेल. ते घर हे नसेल. आई परत येणार नाही, हे मला कालच कळायला हवे होते. शालनला गेला महिनाभर कळत होते.

उद्या रजा टाकली आहे. खेडची पहिली एसटी सहाला. डबा आईच्या हातात देईन आणि भाकरी खाऊन येईन.